चि. ओंकारास, चिऊच्या पुस्तकांबद्दल

कारेलीबाग, बडोदे
जानेवारी

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी म्हटलं, चिऊची ती उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रेमाची पुस्तकं मी वाचते आहे, तर तू मोठ्याने हसलास. ‘आई, तूसुद्धा?’ म्हणालास आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. तुझ्यापुरता विषय तिथे संपला, माझा संपलेला नाही. फोनवर तू मला चार वाक्यं सलग बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सवडीने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत तू घरी आलास तेव्हा चिऊच्या, म्हणजे स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या, हातातलं पुस्तक ओढून घेतलंस आणि मित्रांसमोर आवाज काढून एक पान वाचून दाखवलंस. सगळे हसले, चिऊही हसली. त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसत नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल, म्हणून सांगते. तू पुण्याला परत गेल्यावर मी तिच्याकडून एकेक पुस्तक मागून घेतलं. तिला त्यात एवढं काय सापडतं ते मला बघायचं होतं. पुढे पुढे मात्र मी माझ्यासाठीच वाचत गेले.

या अमेरिकन कादंबऱ्यांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. मुलगी पंधरा ते अठराच्या मधली. शाळा सुटते आणि ती समुद्रकाठच्या किंवा तळ्याकाठच्या गावी जाते. तिथे एक मुलगा असतो, कधी कधी दोन. ती एखाद्या दुकानात सुट्टीपुरती नोकरी धरते, चार जुलैला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी होते, आणि ऑगस्ट सरत आला की सामानाची बांधाबांध सुरू. अमेरिकेत शाळा मेअखेरीस नाहीतर जूनमध्ये सुटतात, त्या थेट ऑगस्टच्या मध्यावर, काही ठिकाणी तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची लेबर डेची सुट्टी झाल्यावर उघडतात. मधले दहा-अकरा आठवडे मोकळे. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी मोटार चालवायचा परवाना मिळतो, त्यामुळे संध्याकाळी कुठे जायचं तर वडिलांच्या मागे लागावं लागत नाही. बारावी झालेली मुलं त्या ऑगस्टमध्ये दूरच्या कॉलेजला निघून जातात. म्हणजे पहिल्या पानापासून सगळ्यांना शेवटची तारीख ठाऊक असते. या कादंबऱ्यांमधली सगळी हुरहूर त्या तारखेतून येते.

मला वाटतं, चिऊ त्या मुलांसाठी वाचतच नाही. ती त्या दहा आठवड्यांसाठी वाचते. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि पुढच्याच आठवड्यात तिचा अकरावीचा क्लास सुरू झाला, हे तुला आठवत असेल. तुझंही तसंच झालं होतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, घरात केसर आंब्याचा रस काढलेला, आणि ही पोर ताटाशेजारी रसायनशास्त्राची वही उघडी ठेवून जेवते. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री आठला घरी. मी तिला सरळ विचारलं की तुला यात सगळ्यात जास्त काय आवडतं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, ‘आई, त्यांना कुणी विचारत नाही की आज किती चॅप्टर झाले.’

या एका वाक्यासाठी तरी त्या पुस्तकांना हसू नये, असं मला वाटतं. आपल्या मुलांना रिकामा वेळ आपण देऊ शकत नाही. ती तो पुस्तकातून घेतात. त्यात हसण्यासारखं काय आहे?

आणि तू स्वतः काय वाचलंस ते आठव. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तू बारावीच्या वर्षी अभ्यासाच्या पुस्तकांखाली ठेवून वाचत होतास. मला माहीत होतं, मी काही बोलले नाही. नववीतला जोशी, आणीबाणीचे दिवस, आणि वर्गातली शिरोडकर. तिची एक झलक दिसावी म्हणून तो केवढा आटापिटा करतो! २००४ साली ती कादंबरी आली, तेव्हापासून मोठमोठी माणसं तिच्याबद्दल आदराने बोलतात, आणि बोलावंच. पण ओंकार, मुलाने सांगितलेलं कोवळ्या वयाचं प्रेम साहित्य ठरतं आणि मुलीने सांगितलेलं ‘पोरींची पुस्तकं’, असं का व्हावं? मी काही चिऊची सगळी पुस्तकं ‘शाळा’च्या तोडीची आहेत असं म्हणत नाही. बरीचशी नाहीतच. पण विषय तोच आहे, वय तेच आहे आणि काळजातली धडधडही तीच आहे.

हे मी बडोद्यात राहून म्हणते आहे, कारण पुस्तकाच्या बाबतीत आपल्या गावाने कधी आपपर केला नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, राज्यात गावोगाव वाचनालयं उघडली आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळा विभाग होता. मी लहानपणी आजीचा हात धरून दांडिया बाजारातून तिथे चालत जायची. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. त्या काचेवर पाऊल टाकायला मी घाबरायची आणि आजी म्हणायची, ‘चल गं, एवढ्या माणसांचं वजन पेललंय त्याने.’

आजीवरून आठवलं. माझ्या आजीचं, म्हणजे तुझ्या पणजीचं, लग्न तेराव्या वर्षी झालं. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. बडोदे संस्थानात १९०४ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा झाला, तो त्या काळी फार पुढचा मानला गेला, आणि त्यातही मुलीचं वय बारा आणि मुलाचं सोळा एवढंच धरलेलं होतं. १९०६ पासून संस्थानभर शिक्षण सक्तीचं झालं होतं, त्यामुळे पणजी लिहायला-वाचायला शिकली. पण सतराव्या वर्षी तिच्या कडेवर मूल होतं. आपल्याला कोण आवडतं, का आवडतं, आवडलं तर काय करायचं, हा विचार करायला जो काळ लागतो तो तिच्या वाट्याला आलाच नाही. बालपण संपलं आणि संसार लागला, मध्ये काही नाही. देशभर मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस व्हायला १९७८ साल उजाडलं. चिऊ आज सोळा वर्षांची आहे आणि एका पुस्तकातल्या मुलीचं काय चुकलं यावर माझ्याशी तास तास भांडते. मी ते ऐकते तेव्हा मला पणजीची आठवण येते.

अमेरिकेतही हा काळ फार जुना नाही. तिथे बहुतेक मुलं हायस्कूलपर्यंत शिकू लागली, कामाला आणि लग्नाला उशीर होऊ लागला, तेव्हा कुठे तो तयार झाला. या प्रकारातली जी अगदी सुरुवातीची कादंबरी मानतात, ती मॉरीन डेली या मुलीने कॉलेजात असताना लिहिली. ‘सेव्हन्टीन्थ समर’, १९४२ सालची. ती मात्र चिऊच्या मैत्रिणींकडची नाही, मी मुद्दाम मिळवून वाचली. विस्कॉन्सिनमधलं फाँ दु लाक हे तळ्याकाठचं गाव, नुकतीच शाळा संपलेली अँजी आणि बेकरीची गाडी घेऊन घरोघर पाव पोचवणारा जॅक. सगळं मिळून एकच उन्हाळा, जून ते ऑगस्ट. शेवटी ती आगगाडीत बसून शिकागोला कॉलेजला जाते. लग्नाचा विषय निघतो, पण ती शिकायला जाते. १९४२ साली! मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

पण माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधलं ते तिच्या मोठ्या बहिणीने. लॉरेन तिचं नाव. तिलाही एक माणूस भेटलेला आहे. तो मनात येईल तेव्हा येतो, मनात येईल तेव्हा गायब होतो. लॉरेन फोनच्या आसपास घुटमळत राहते. घरातल्या सगळ्यांना दिसतं, कुणी बोलत नाही. जॅक आणि अँजीची गोष्ट पुढे चालू असते आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, ही पोरगी झिजत असते. चिऊच्या वयात मी हे पुस्तक वाचलं असतं तर मी लॉरेनची पानं भराभरा उलटली असती. आता त्याच पानांवर मी थांबले.

असं मला प्रत्येक पुस्तकात होत गेलं. चिऊ आणि मी एकच पान वाचतो आणि दोघींना वेगवेगळी माणसं दिसतात. सगळ्यात जास्त झालं ते जेनी हान या बाईंच्या ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’मध्ये. २००९ सालचं पुस्तक. त्यावर मालिका आल्यापासून चिऊच्या वर्गात दोन तट पडले आहेत, हे तू ऐकलंच असशील. दोन भाऊ, कॉनरॅड आणि जेरेमाया, आणि लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या समुद्रकाठच्या घरी येणारी बेली. चिऊ कॉनरॅडच्या बाजूची. तो थोरला आहे, अबोल आहे, फुटबॉल सोडलाय, सिगरेट ओढायला लागलाय, एक दिवस गोड बोलतो आणि दुसऱ्या दिवशी ओळख दाखवत नाही. बेली सगळं पुस्तकभर त्याच्या चेहऱ्यावरचं वाचायचा प्रयत्न करते. आज असा का बघितला? आज असा का गेला? चिऊ म्हणते, ‘तो खूप डीप आहे, आई.’

मी तेच वाचत होते, आणि पहिल्या काही प्रकरणांतच मला कळलं की या मुलाच्या घरात काहीतरी भयंकर चाललंय. त्याची आई सुझॅना आजारी आहे. कॅन्सर परत उलटलाय. नवरा-बायकोचं फाटतंय. सुझॅनाने ठरवलंय की हा उन्हाळा नेहमीसारखाच जायला हवा, बेलीला काही कळू द्यायचं नाही. कॉनरॅडला ते ठाऊक आहे. आणि ही एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन तो मुलगा सुट्टीभर जगतो. चिऊला तो गूढ वाटला. मला तो एक घाबरलेला मुलगा दिसला, ज्याला कुणी सांगितलंच नाही की हे बोलायचं असतं.

सुझॅना का लपवते हे मला आई म्हणून समजतं. तिचा निर्णय मला पटत नाही, पण समजतो. स्वयंपाकघरात रात्री उशिरा ती आणि बेलीची आई लॉरेल बसतात. मुलांच्या जन्माच्या आधीपासूनची त्यांची मैत्री. ती पानं चिऊला कंटाळवाणी वाटतात. माझ्यासाठी पुस्तकाचा जीव तिथे आहे. ‘कोण कुणाला मिळणार’ याची मला शेवटी शेवटी पर्वा राहिली नव्हती. आपण गेल्यावर या मुलांना कोण बोलतं करणार, ही त्या बाईची काळजी असणार, आणि ती मला सोडेना.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. लिहिते.

बडोद्याच्या मुलांना ते दहा आठवडे मिळत नाहीत. त्यांना नऊ रात्री मिळतात. घरी घट बसलेले असतात, अखंड दिवा असतो, आणि वर्षभर आठच्या आत घरी येणारी मुलं रात्री बारापर्यंत मैदानावर अनवाणी गरबा खेळत असतात. पासासाठी धावपळ, चणियाचोळी, केडियुं, खेळून झाल्यावर सेव-उसळ. आईबाप जरा सैल सोडतात, आणि शेवटची तारीख इथेही सगळ्यांना ठाऊक असते. तू बारावीत होतास त्या नवरात्रात तुझ्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, हे पत्र वसतिगृहात कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तुम्ही दोघं एकाच वर्तुळात, एकमेकांशेजारी खेळत होतात. एक दिवस मी चिऊला घ्यायला आले होते तेव्हा मी लांबून पाहिलं. ती टाळी चुकली आणि तू मुद्दाम पुढची टाळी चुकलास, म्हणजे तिला एकटीला चुकल्यासारखं वाटू नये. मला तेव्हा तुझं इतकं कौतुक वाटलं की मी हाक न मारता दहा मिनिटं तशीच उभी राहिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांच्या छातीत कळ आली.

ते दिवस तुला सांगायला नकोत. तू अॅम्ब्युलन्समध्ये पुढे बसलास, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर धावलास, दोन स्टेंट घालून बाबांना बाहेर आणेपर्यंत त्या बाकावरून उठला नाहीस. आणि कुणाशी एक शब्द बोलला नाहीस. सगळे नातेवाईक म्हणत होते, ‘ओंकार किती समजूतदार, तोंडातून अवाक्षर काढलं नाही पोराने.’ ते कौतुक मला तेव्हाही टोचलं. सतरा वर्षांचा मुलगा बाप आत असताना बोलत नाही, रडत नाही, आणि आपण त्याला शाबासकी देतो. म्हणजे पुढच्या वेळीही गप्प बसायचं हे आपणच त्याला शिकवतो.

दिवाळीच्या आधी पणत्या आणायला मी मंगळ बाजारात गेले होते. न्यायमंदिराच्या बाजूला ती मुलगी मला भेटली. आईबरोबर होती. आईला पुढे जाऊ दिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘आंटी, ओंकार ठीक छे ने?’ मी म्हटलं, हो, ठीक आहे, का गं? ती म्हणाली, ‘कंई नहीं, एमज.’ काही नाही, सहजच. आणि पणत्यांच्या ढिगातली एक पणती उचलून, उलटी करून बघत राहिली. खालच्या बाजूला बोटाने माती खरवडत होती. तिला अजून काही विचारायचं होतं आणि मला ते दिसत होतं. बाबांचं आजारपण तू तिला सांगितलेलं नाहीस हे मला त्या क्षणी कळलं. तिच्या बाजूने बघ. नऊ रात्री एक मुलगा बरोबर खेळतो, हसतो, आणि दसरा झाल्यापासून फोन उचलत नाही, मेसेज वाचून उत्तर देत नाही. तिने काय समजायचं? आपलं काय चुकलं हाच विचार तिने केला असणार. मुली तेच करतात. मी तिला बाबांबद्दल सांगितलं. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, ‘एणे कह्युं केम नहीं?’

त्याने सांगितलं का नाही. ओंकार, चिऊच्या पुस्तकांतल्या प्रत्येक मुलीचा हाच प्रश्न आहे.

तुला त्याचं उत्तर आहे, मला माहीत आहे. तुला दया नको होती. तुला ते नऊ दिवस आणि हे दिवस एकमेकांत मिसळायचे नव्हते. कदाचित ते बोललं तर खरं होईल अशी भीती होती. सगळं मला समजतं, कारण मी तुझ्या आजोबांच्या घरात वाढले. माझे वडील कधी काही बोलले नाहीत. नोकरीत त्यांच्यावर अन्याय झाला, भाऊ तुटला, डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं, त्यातलं काहीही त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. तुझी आजी त्यांच्या ताटावरून ओळखायची. पोळी अर्धी टाकली म्हणजे ऑफिसात काही झालंय, ताक नको म्हणाले म्हणजे पैशांची चणचण, न बोलता पान उचलून ठेवलं म्हणजे आपल्यावरच राग आहे. पन्नास वर्षं ती बाई ताट वाचत राहिली. आजोबा वाईट नव्हते. लोक त्यांना धीरगंभीर म्हणायचे. पण त्यांच्या गप्प बसण्याचं सगळं ओझं आजीने उचललं, आणि तिला कुणी धीरगंभीर म्हटलं नाही.

म्हणून कॉनरॅडबद्दल मी चिऊशी भांडले आणि म्हणूनच तुलाही लिहिते आहे. पुस्तकात असा मुलगा आकर्षक वाटतो, कारण उन्हाळा संपतो. बेलीला त्याच्याबरोबर साध्या मंगळवारी, गॅस संपलेला असताना, एका घरात राहायचं नसतं. या प्रकारच्या पुस्तकांवर माझा खरा आक्षेप हाच आहे. बाकीचे लहान आहेत. समुद्रावरचं घर कुणाच्या पैशाने चालतं, झाडलोट कोण करतं, हे विचारायची सोय नसते. मुलीकडे कुणीतरी बघितलं की मगच तिचं आयुष्य सुरू होतं, हेही फार वेळा येतं, आणि चिऊला मी ते दाखवून दिलं तर तिने स्वतःच मला आणखी दोन ठिकाणं काढून दाखवली. ती भोळी नाही वाचायला. पण मुलाचं गप्प बसणं म्हणजे खोली, ही समजूत मुलींच्या मनात एका बाजूने पक्की होते आणि मुलांच्या मनात दुसऱ्या बाजूने. मुलींना वाटतं, मी पुरेसं प्रेम केलं तर तो बोलेल. मुलांना वाटतं, मी बोललो नाही तरी ती समजून घेईल.

तू ही पुस्तकं वाचावीस असं मला वाटतं ते यासाठी. यात मुलगा बाहेरून दिसतो. ‘शाळा’मध्ये जोशीच्या मनात काय चाललंय ते तुला सगळं कळतं, आणि त्याच्याशी मोकळं बोलणारा नरूमामा तरी असतो. शिरोडकरला काय वाटत होतं ते मात्र आपल्याला जोशीच्या डोळ्यांतूनच दिसतं. इथे उलट आहे. एक मुलगी तिच्या बाजूने सांगते की तू उत्तर दिलं नाहीस त्या दिवशी काय झालं, तू दारातून बघून परत गेलास तेव्हा ती जिन्यात उभी होती. हे तुला दुसरं कोण सांगणार? तुझे मित्र सांगणार नाहीत, आणि ती मुलगी तर पणतीची माती खरवडत गप्प राहिली.

सगळी नको वाचूस. एकच पाठवते आहे, सारा डेसन यांचं ‘अलाँग फॉर द राइड’. तेही २००९चंच. कॉलेजला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ऑडेन नावाची मुलगी समुद्रकाठच्या गावी वडिलांकडे राहायला जाते. तिच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. वडिलांची दुसरी बायको हायडी, आणि त्यांना नुकतीच झालेली मुलगी थिस्बी. ती तान्ही पोर रडते, रडते, थांबतच नाही. वडील कादंबरी लिहीत खोलीत बसलेले असतात. हायडीची झोप उडालेली, केस विस्कटलेले, दुकानाचे हिशेब तुंबलेले. मला ती हायडी इतकी ओळखीची वाटली की मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. तूही तीन महिने संध्याकाळी सहाला रडायला सुरुवात करायचास. फरक एवढाच की तुझे बाबा तुला खांद्यावर घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायचे. त्यांच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं त्याला मी प्रेम म्हणते. ते कुठल्या समुद्रावर झालेलं नव्हतं.

ऑडेन हायडीच्या दुकानाचे हिशेब ठेवायला लागते. तिला रात्री झोप येत नाही. गावात एली नावाचा मुलगा असतो, त्यालाही झोप नाही. त्याचा जिवलग मित्र मोटारीच्या अपघातात गेलेला, तेव्हापासून त्याने सायकलचे खेळ सोडलेत. तोही अबोल आहे. म्हणजे तुझ्यासारखाच, कॉनरॅडसारखाच. पण हे दोघं रात्रभर जागी असलेली दुकानं शोधत हिंडतात, कॉफी पितात, आणि ते दुःख त्यांच्यात बोललं जातं. या पुस्तकात ऑडेनही एकदा सगळ्यांना टाळून गप्प बसते. म्हणजे हा दोष फक्त मुलांचा असं लेखिकाही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. लहानपणी न शिकलेली सायकल ती अठराव्या वर्षी शिकते. कशी, ते तूच वाच.

आता त्या मुलीबद्दल. ती इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. कधी सयाजीगंजमध्ये दिसली तर अजूनही थांबून बाबांची तब्येत विचारते, तुझं नाव काढत नाही. मी तुला तिच्याशी परत काही जुळवायला सांगत नाही. ते तुमचं तुम्ही बघा, आणि कदाचित तिला आता त्यात रसही नसेल. मी एवढंच सांगते की तिला तुझ्याकडून कळायला हवं. माझ्याकडून कळलंय, ते पुरेसं नाही. दोन ओळी लिही. बाबा आजारी होते, मी घाबरलो होतो, तुला सांगायला हवं होतं. ‘घाबरलो होतो’ हा शब्द गाळू नकोस.

चिऊलाही एक फोन कर. माफी वगैरे मागत बसू नकोस, तिला ते अवघड होईल. पुस्तक वाचून झालं की एलीबद्दल तिचं मत विचार. तिच्याकडे बरंच आहे सांगायला, आणि तू ऐकून घेतलंस तर ती पुन्हा बाहेरच्या खोलीत बसायला लागेल.

समोरच्या काकू शनिवारी पुण्याला त्यांच्या लेकीकडे येत आहेत. पुस्तक त्यांच्याबरोबर देते, लीलो चेवडो आणि तिळाच्या वड्याही आहेत. पुस्तक चिऊच्या मैत्रिणीचं आहे, पानं दुमडू नकोस, आणि ओल्या हाताने धरू नकोस. बाबांचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी सकाळचं चालणं वाढवायला सांगितलंय, ते मनापासून चालतात. उत्तरायणाला पतंग उडवायला येणार असशील तर तिकीट आत्ताच बघ, नंतर मिळणार नाही. तुझी फिरकी मी माळ्यावरून काढून ठेवली आहे, पण दोरा जुना झालाय, नवा इथे आल्यावर घे.

तुझी,
आई